घोरणं आणि स्लीप अ‍ॅप्नियासाठी डेंटिस्टकडे जायचंय? सुरुवात कुठून आणि कशी करायची

गेली सहा वर्षं मी रोज रात्री दातांवर एक डिव्हाइस चढवून झोपतो. वरच्या दातांना एक ट्रे, खालच्या दातांना एक ट्रे, आणि दोन्ही बाजूंना छोट्या पट्ट्या ज्या खालचा जबडा थोडा पुढे धरून ठेवतात, बस एवढंच. पण इथपर्यंत पोचायला माझी दोन वर्षं वाया गेली कारण मी सगळं उलट्या क्रमाने केलं. घोरण्यामुळे घरात कुणाची झोप होईना म्हणून ऑनलाइन एक माउथगार्ड मागवला, तो गरम पाण्यात मऊ करून दातांवर दाबायचा असतो, घोरणं बरंच कमी झालं, बायको शांत झोपायला लागली आणि मला वाटलं झालं काम. सकाळी डोकं जड असायचं, दुपारी मीटिंगमध्ये डोळे मिटायचे, ते कामाच्या ताणाने होतंय म्हणून सोडून दिलं. मग एकदा सिग्नलला गाडी थांबलेली असताना स्टीअरिंगवरच डोळा लागला, मागच्या गाडीच्या हॉर्नने जाग आली, आणि त्या दिवशी मी खरंच घाबरलो. टेस्ट केली तर तो माउथगार्ड घालून झोपलेलो असतानाही तासाला २४ वेळा श्वास अडत होता. आवाज गेला होता, आजार जागेवरच होता.

म्हणून हा लेख. ज्यांनी नुकतंच कुठेतरी वाचलंय की डेंटिस्टही घोरण्यावर उपचार करतात, त्यांच्यासाठी पहिल्यापासून लिहितोय. मी डॉक्टर नाही, पेशंट आहे, पण या विषयात बरंच वाचलंय आणि अंगावर काढलंय.

आधी थोडक्यात, होतं काय

झोपल्यावर घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते, मऊ टाळू आणि पडजीभ खाली येते आणि हवा जायची वाट अरुंद होते. अरुंद वाटेतून हवा जोरात गेली की सैल भाग थरथरतात, ते घोरणं. वाट पूर्णच मिटली आणि श्वास १० सेकंद किंवा जास्त थांबला की त्याला अ‍ॅप्निया म्हणतात, अर्धवट मिटून रक्तातला ऑक्सिजन उतरला किंवा झोप मोडली तर हायपोप्निया. मेंदू घाबरून क्षणभर जागा करतो, वाट उघडते, परत झोप, परत तेच. रात्रभर. आपल्याला सकाळी यातलं काहीही आठवत नाही, हीच याची वाईट बाजू आहे.

डेंटिस्टचा संबंध इथे येतो कारण जीभ खालच्या जबड्याला जोडलेली असते. जबडा काही मिलिमीटर पुढे घेतला की जीभ पुढे येते, टाळूच्या मागची जागा बाजूंनीही रुंद होते आणि वाट मिटायचं प्रमाण कमी होतं. कल्पना काही नवी नाही, फ्रान्समधले दातांचे डॉक्टर पिएर रोबँ यांनी १९२३ साली लहान जबड्याच्या बाळांमध्ये जीभ मागे पडून श्वास कसा अडतो ते लिहून ठेवलं होतं.

पायरी १: स्वतःकडे नीट बघा, आणि शेजारी झोपणाऱ्याला विचारा

तुमच्या झोपेचा सगळ्यात चांगला साक्षीदार तुम्ही नाही. शेजारी जो झोपतो त्याला विचारा की मी घोरतो का, आणि त्याहून महत्त्वाचं, घोरता घोरता मध्येच एकदम शांत होऊन मग गुदमरल्यासारखा मोठा श्वास घेतो का. एकटे राहत असाल तर फोनवर रात्रीचा आवाज रेकॉर्ड करा, त्याने निदान होत नाही पण डॉक्टरला ऐकवायला काहीतरी हातात असतं.

बाकी खुणा म्हणजे सकाळी डोकं दुखणं, तोंड कोरडं पडणं, रात्री लघवीला वारंवार उठणं, चिडचिड, लक्ष न लागणं, औषधं घेऊनही आटोक्यात न येणारं बीपी. बायकांमध्ये मोठं घोरणं नसतानाही नुसता थकवा आणि तुटक झोप एवढंच दिसू शकतं आणि मग सगळे त्याला टेन्शन म्हणून मोकळे होतात, तेव्हा बायकांनी हे जास्तच मनावर घ्यावं.

दोन प्रश्नावल्या घरबसल्या भरता येतात. एक एपवर्थ, यात ८ प्रसंग दिलेले असतात (वाचत बसलोय, गाडीत प्रवासी म्हणून बसलोय वगैरे) आणि प्रत्येक प्रसंगी डुलकी लागायची शक्यता ० ते ३ मध्ये लिहायची. एकूण २४ पैकी १० च्या वर गेलात तर दिवसाची झोप जास्त आहे असं धरतात. दुसरी स्टॉप-बँग, ८ हो-नाही प्रश्न: घोरणं, थकवा, कुणी श्वास थांबताना पाहिलंय का, बीपी, वजन, वय ५० च्या वर, मानेचा घेर, आणि पुरुष आहात का. तीन किंवा जास्त हो आले तर टेस्टचा विचार करा, पाच किंवा जास्त आले तर टाळाटाळ नको.

चांगला डेंटिस्ट तुमच्या तोंडात बघूनही शंका घेऊ शकतो. जिभेच्या कडांवर दातांचे ठसे, उंच आणि अरुंद टाळू, मागे असलेला खालचा जबडा, झिजलेले दात, मोठे टॉन्सिल्स, या गोष्टी त्याला रोज दिसतात. पण ही फक्त शंका असते हे लक्षात ठेवा.

पायरी २: टेस्ट. ही पायरी गाळू नका, प्लीज

निदान स्लीप स्टडीनेच होतं आणि ते डॉक्टर करतात, डेंटिस्ट नाही. कुणी डेंटिस्ट पहिल्याच भेटीत टेस्टबद्दल चकार शब्द न काढता थेट मापं घ्यायला लागला तर मी तिथून उठून येईन.

टेस्ट दोन प्रकारची. लॅबमध्ये रात्रभर झोपून होते ती पॉलिसोम्नोग्राफी, डोक्याला, छातीला, पायाला वायरी लावतात, मेंदूच्या लहरींपासून सगळं मोजतात. आणि दुसरी घरी करायची, छोटं मशीन देतात, बोटाला ऑक्सिजनचा सेन्सर, नाकाखाली नळी, छातीला पट्टा. घरची टेस्ट सोपी आहे पण तिची एक अडचण सांगतो, ती बहुतेक वेळा तुम्ही खरंच किती झोपलात ते मोजत नाही, मशीन किती वेळ चालू होतं ते मोजते, त्यामुळे आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी येऊ शकतो. म्हणजे लक्षणं भरपूर आहेत आणि घरची टेस्ट नॉर्मल आली तर गप्प बसू नका, लॅबची टेस्ट करून घ्या. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा गंभीर आजार असेल तर डॉक्टर आधीच लॅबची टेस्ट सांगतात.

पायरी ३: रिपोर्ट वाचायला शिका

रिपोर्टमध्ये सगळ्यात मोठ्या अक्षरात एएचआय असतो, म्हणजे तासाला सरासरी किती वेळा श्वास थांबला किंवा कमी झाला. मोठ्या माणसांमध्ये ५ च्या खाली नॉर्मल, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर गंभीर. पण तेवढंच बघून रिपोर्ट ठेवून देऊ नका. ऑक्सिजन सगळ्यात खाली किती गेला आणि ९० च्या खाली एकूण किती वेळ राहिला ते बघा. पाठीवर झोपलेलं असतानाचा आकडा आणि कुशीवरचा आकडा वेगळा दिलेला असतो, तो बघा, कारण ज्यांचा त्रास मुख्यतः पाठीवरच होतो त्यांना जबड्याचं डिव्हाइस सहसा चांगलं लागू पडतं. आणि अडथळ्यामुळे थांबलेले श्वास किती आणि सेंट्रल किती हेही विचारा, सेंट्रल म्हणजे मेंदूकडून श्वासाचा सिग्नलच येत नाही, तिथे जबडा पुढे ओढून काही फायदा नाही.

रिपोर्टची कॉपी स्वतःकडे ठेवा. पुढच्या सगळ्या गोष्टींची तुलना याच कागदाशी होणार आहे.

पायरी ४: तुम्ही कुठल्या गटात बसता

इथे जरा थांबतो कारण सगळा गोंधळ इथेच होतो.

अ‍ॅप्निया नाही, नुसतं घोरणं आहे, असं टेस्टने सिद्ध झालंय: जबड्याचं डिव्हाइस हा तुमच्यासाठी अगदी योग्य पर्याय आहे.

सौम्य किंवा मध्यम अ‍ॅप्निया: डॉक्टर आधी सीपॅपबद्दल बोलतील, तेच मास्क लावून हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारं मशीन, १९८१ साली ऑस्ट्रेलियात कॉलिन सलिव्हन यांनी ते पहिल्यांदा मांडलं आणि आजही तेच मुख्य उपचार आहे. पण डिव्हाइस हाही मान्य पर्याय आहे. अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञ डॉक्टरांच्या आणि झोपेवर काम करणाऱ्या डेंटिस्टांच्या संस्थांनी मिळून २०१५ मध्ये ज्या सूचना काढल्या त्यात हेच आहे, की ज्यांना सीपॅप सोसत नाही किंवा ज्यांना दुसरा पर्याय हवाय त्यांना डिव्हाइस द्यावं, ते दातांच्या मापाचं आणि कमी-जास्त करता येणारं असावं, तज्ज्ञ डेंटिस्टने बसवावं आणि नंतर टेस्टने त्याचा परिणाम तपासावा.

गंभीर अ‍ॅप्निया: सीपॅपला प्रामाणिकपणे संधी द्या. मास्क बदलून, ह्युमिडिफायर (हवा दमट करणारा भाग) लावून, दाब अ‍ॅडजस्ट करून बघा, पहिल्या आठवड्यात कंटाळून कोपऱ्यात टाकू नका. खरंच जमलं नाही तर डिव्हाइस, कारण काहीच न वापरण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

लोक विचारतात दोन्हीत भारी काय. आकडा खाली आणण्यात सीपॅप पुढे आहे यात वाद नाही. पण मशीन कपाटात ठेवून कुणी बरं होत नाही, आणि लोक डिव्हाइस रात्री जास्त तास वापरतात असं अभ्यासांमध्ये वारंवार दिसलंय, त्यामुळे दिवसाची झोप, बीपी, एकूण बरं वाटणं यात दोघांचा फरक बराच मिटतो. हेही ऐकून ठेवा की डिव्हाइसने सगळ्यांचा आकडा नॉर्मल होत नाही. काहींचा होतो, बऱ्याच जणांचा अर्ध्यावर येतो, आणि काहींना फारसा फरकच पडत नाही. कमी वय, कमी वजन, बारीक मान, पाठीवर झोपल्यावरच होणारा त्रास, यांना यश मिळायची शक्यता जास्त. खात्री आधी कुणीच देऊ शकत नाही, जो देतो त्याच्यापासून सावध.

पायरी ५: पहिली भेट

डेंटिस्ट शोधताना विचारा की झोपेच्या डिव्हाइसचं वेगळं ट्रेनिंग घेतलंय का, अशा किती केसेस करता, कुठल्या स्लीप डॉक्टरबरोबर काम करता, आणि डिव्हाइस दिल्यानंतर फॉलोअप कसा असतो. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. डिव्हाइस देणं हे निम्मं काम आहे, खरं कौशल्य नंतरच्या तीन महिन्यांत दिसतं.

पहिल्या भेटीत ते काय काय बघतात ते आधी माहीत असलेलं बरं. दात पुरेसे आहेत का, साधारण प्रत्येक जबड्यात आठ-दहा तरी मजबूत दात लागतात कारण सगळा जोर त्यांच्यावर येतो. हिरड्या कशा आहेत, दात हलत असतील तर आधी हिरड्यांचा उपचार. कानापुढचा जबड्याचा सांधा दुखतो का, कटकट वाजतो का, तोंड पूर्ण उघडतं का. आणि खालचा जबडा तुम्ही स्वतःहून किती पुढे आणू शकता ते स्केलने मोजतात, पाच-सहा मिलिमीटरही येत नसेल तर डिव्हाइसला काम करायला जागाच राहत नाही.

एक व्यवहाराची गोष्ट जी मला कुणी सांगितली नव्हती. किडलेले दात, अर्धवट रूट कॅनाल, बदलायची कॅप, काढायची अक्कलदाढ, जे काही बाकी असेल ते मापं द्यायच्या आधी उरकून घ्या. डिव्हाइस तुमच्या आजच्या दातांवर घट्ट बसेल असं बनतं. नंतर एका दाढेला नवी कॅप बसली आणि माझं पहिलं डिव्हाइस बसेनासंच झालं, घासून घासून कसंबसं जमवलं.

रात्री दात खाता म्हणून आधीच नाइटगार्ड वापरत असाल तर तेही सांगा. फक्त वरच्या दातांवर बसणाऱ्या साध्या नाइटगार्डने अ‍ॅप्निया असलेल्या काही पेशंटचा त्रास उलट वाढल्याचं एका छोट्या अभ्यासात दिसलंय. दात खाणं आणि अ‍ॅप्निया बऱ्याचदा एकत्र असतात, तेव्हा नाइटगार्ड देण्याआधी घोरण्याबद्दल विचारलं जायला हवं, पण दर वेळी विचारलं जात नाही.

पायरी ६: मापं आणि डिव्हाइसचे प्रकार

मापं स्कॅनरने घेतात किंवा ट्रेमध्ये मऊ मसाला भरून. त्याबरोबर जबडा पुढे घेतलेल्या स्थितीत बाइटचं माप घेतात. सुरुवात साधारण तुमच्या कमाल पुढे येण्याच्या निम्म्या ते सत्तर टक्क्यांवर करतात. मग लॅबमध्ये जाऊन काही आठवड्यांनी डिव्हाइस येतं.

प्रकार बरेच आहेत पण नावांच्या जंगलात शिरू नका, तीन गोष्टी समजून घ्या.

एक, अखंड की दोन भागांचं. अखंड म्हणजे वरचं-खालचं एकत्र जोडलेलं, स्वस्त पडतं पण जबडा एकाच जागी अडकतो आणि नंतर पुढे-मागे करायचं तर नवीन बनवावं लागतं. दोन भागांचं असेल तर स्क्रूने, पट्ट्या बदलून किंवा पंखासारखे भाग बदलून थोडं थोडं पुढे नेता येतं. माझं मत अगदी स्पष्ट आहे, दोन भागांचंच घ्या.

दोन, तोंड किती हलतं. काही डिव्हाइसमध्ये बोलता येतं, पाणी पिता येतं, काहींमध्ये समोर हूक असतो. दात खाणाऱ्यांना कडेला जबडा हलू देणारं आणि मजबूत मटेरियलचं हवं. झोपेत तोंड उघडं पडत असेल तर छोटे इलॅस्टिक लावायची सोय आहे का विचारा, कारण तोंड उघडलं की जबडा खाली आणि मागे जातो आणि फायदा कमी होतो.

तीन, नाक. नाक कायम बंद असेल तर कुठलंच डिव्हाइस नीट चालत नाही, आधी ईएनटीला दाखवा.

दातच नाहीत किंवा पूर्ण कवळी आहे अशांसाठी जीभ धरून ठेवणारं डिव्हाइस असतं, ओठांबाहेर एक मऊ फुगा असतो, त्यातली हवा काढली की जीभ ओढून पुढे धरली जाते. १९८२ मध्ये यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता, म्हणजे तेही जुनं आहे. सवय व्हायला वेळ लागतो, जीभ दुखते, पण काहींना तेच चालतं.

आणि तो गरम पाण्यातला माउथगार्ड? दातांवर धड धरत नाही, रात्री निघून येतो, जबडा किती पुढे आहे ते मोजता येत नाही. नुसत्या घोरण्यासाठी डॉक्टरला विचारून चार दिवस ट्राय म्हणून ठीक. अ‍ॅप्नियाचा उपचार म्हणून नाही. मी दोन वर्षं त्याच्यावर विसंबलो होतो म्हणून एवढ्या जोर देऊन सांगतोय.

पायरी ७: पहिले दोन आठवडे

पहिल्या रात्री तोंडात कुणीतरी सामान भरून ठेवल्यासारखं वाटतं. लाळ इतकी येते की उशी ओली होते, किंवा उलट तोंड कोरडं पडतं. सकाळी दात आंबल्यासारखे, गाल आणि जबडा जड. हे सगळं बहुतेकांचं एक-दोन आठवड्यांत कमी होतं. झोपायच्या आधी संध्याकाळी तासभर टीव्ही बघताना घालून बसा, तोंडाला ओळख होते. पहिल्या काही रात्री मध्येच काढून टाकावंसं वाटलं तर काढा, दुसऱ्या दिवशी परत घाला, आठवड्यात पूर्ण रात्र जमते.

सकाळी काढल्यावर एक विचित्र गोष्ट होईल, मागच्या दाढा एकमेकींना टेकणारच नाहीत. घाबरू नका, जबडा रात्रभर पुढे होता, तो परत जागेवर यायला थोडा वेळ घेतो. यासाठी डेंटिस्ट एक छोटा सकाळचा ट्रे देतात, तो काही मिनिटं दातांत धरून हळूहळू चावायचा म्हणजे दाढा परत जुळतात. हा व्यायाम रोज करा, कंटाळा आला तरी करा, याचं कारण खाली येतंच आहे.

पायरी ८: थोडं थोडं पुढे, घाई न करता

मग हळूहळू जबडा पुढे न्यायचा, एका वेळी पाव ते एक मिलिमीटर, काही दिवस थांबायचं, घोरणं आणि दिवसाचा थकवा बघायचा, मग पुढचं पाऊल. डेंटिस्ट सांगतील त्या हिशोबानेच, स्वतःच्या मनाने स्क्रू फिरवत बसू नका. जास्त पुढे म्हणजे जास्त फायदा असं सरळ गणित नाहीये, एका मर्यादेनंतर सांधा दुखायला लागतो आणि फायदा तिथेच राहतो. सांध्यात दुखलं तर एक पाऊल मागे या, आठवडाभर थांबा.

मी एक साधी वही ठेवली होती, तारीख, किती फिरवलं, झोप कशी, दुपारी डुलकी आली का, सकाळी जबडा कसा. डॉक्टरला ती वही फार उपयोगी पडली.

पायरी ९: डिव्हाइस घालून परत टेस्ट

लोक इथेच सोडून देतात. घोरणं थांबलं, बरं वाटतंय, आता परत कशाला टेस्ट. कारण माझंही घोरणं कमी झालंच होतं ना, आणि तासाला २४ वेळा श्वास अडतच होता. सेटिंग ठरलं की डिव्हाइस तोंडात घालून स्लीप स्टडी करायचीच, आणि जुन्या रिपोर्टशेजारी नवा ठेवून बघायचा. माझ्या मापाचं डिव्हाइस आल्यावर, तीन महिने सेटिंग केल्यावर, माझा आकडा ६ आला. पाच नाही, सहा. डॉक्टर म्हणाले कुशीवर झोपायची सवय लावा, वजन थोडं उतरवा, आणि पुढच्या वर्षी तो ४ होता.

आकडा पुरेसा खाली आला नाही तर? तेही काही अपयश नाही, रस्ते बाकी असतात. पाठीवर झोपू न देणारा पट्टा जोडीला वापरता येतो. सीपॅप आणि डिव्हाइस एकत्र वापरता येतं, त्यामुळे मशीनचा दाब कमी लागू शकतो. काही जणांना औषध देऊन झोपवून एंडोस्कोपीने घसा नेमका कुठे मिटतो ते बघतात आणि मग ठरवतात.

ऑपरेशनचं काय

दोन्ही जबडे कापून पुढे आणून प्लेटने बसवायचं ऑपरेशन मॅक्सिलोफेशियल (जबडा आणि चेहऱ्याचे) सर्जन करतात, जबडे बऱ्याचदा १० मिलिमीटरच्या आसपास पुढे आणतात आणि अ‍ॅप्नियाच्या ऑपरेशन्समध्ये हे सगळ्यात परिणामकारक समजलं जातं. पण मोठं ऑपरेशन आहे, बरेच आठवडे पातळ आणि मऊ खाणं, खालच्या ओठाला आणि हनुवटीला बधिरपणा जो काहींचा कायम राहतो, चेहऱ्याची ठेवणही थोडी बदलते. जबडा मुळातच मागे आहे आणि त्रास गंभीर आहे अशांनी याची माहिती जरूर घ्यावी. जिभेच्या नसेला करंट देणारं, छातीत बसवायचं यंत्रही आहे, अमेरिकेत २०१४ मध्ये मान्यता मिळाली, पण ते डेंटिस्टच्या हातातलं काम नाही.

टाळूवर लेझर मारून घोरणं घालवतो, टाळू रुंद करून मोठ्या माणसाचा अ‍ॅप्निया कायमचा बरा करतो, जिभेखालची पट्टी कापून जीभ मोकळी केली की सगळं सुटेल, असे दावे ऐकाल. टाळू रुंद करायचा उपचार अरुंद टाळूच्या निवडक पेशंटना, आणि लहान मुलांना, उपयोगी पडू शकतो हे खरं, पण सरसकट सगळ्यांना कायमचं बरं करायचं आश्वासन मिळालं तर आधी स्लीप डॉक्टरचं मत घ्या. मुलं घोरत असतील तर आधी टॉन्सिल आणि अ‍ॅडेनॉइड (नाकाच्या मागची गाठ) तपासून घ्या, आणि जबडा पुढे ओढणारं मोठ्यांचं डिव्हाइस वाढत्या वयात स्वतःच्या मनाने देऊ नका.

जिभेचे आणि घशाचे व्यायाम मात्र मला मनापासून आवडतात, जीभ टाळूला चिकटवून मागे सरकवणं, गाल आत ओढणं वगैरे, रोज नियमाने काही महिने केल्याने सौम्य-मध्यम अ‍ॅप्नियात आकडा कमी झाल्याचे अभ्यास आहेत. स्वित्झर्लंडमध्ये तर पेशंटना डिजरीडू नावाचं लांब नळीचं वाद्य रोज वाजवायला लावून फरक पाहिला होता, तो अभ्यास ब्रिटनच्या मोठ्या वैद्यकीय मासिकात आलाय. एकट्या व्यायामावर विसंबू नका, पण जोडीला ठेवा.

पायरी १०: वर्षानुवर्षं वापरायचंय तर

साफसफाई सोपी, सकाळी काढल्याबरोबर कोमट किंवा गार पाण्याने, मऊ ब्रश आणि साध्या लिक्विड साबणाने. टूथपेस्टने घासू नका, चरे पडतात आणि त्यात घाण बसते. गरम पाणी अजिबात नको, आकार बदलतो. आठवड्यातून एक-दोनदा कवळी साफ करायची गोळी टाकलेल्या पाण्यात भिजवा, डेंटिस्टला विचारून. कोरडं करून हवा जाणाऱ्या डबीत ठेवा, आणि घरात कुत्रा असेल तर डबी उंचावर, कुत्र्यांना याचा वास फार आवडतो. रात्री डिव्हाइस घालायच्या आधी दात घासलेलेच हवेत.

आता ती खरी बाजू. वर्षानुवर्षं वापरल्यावर दात थोडे सरकतात. वरचे पुढचे दात किंचित आत, खालचे किंचित बाहेर, वरच्या-खालच्या दातांतलं अंतर कमी होतं, काहींच्या मागच्या दाढा नीट टेकत नाहीत. हे हळूहळू होतं, बहुतेकांना जाणवतही नाही, पण होतं, आणि डिव्हाइस बंद केलं तरी पूर्ण परत येईलच असं नाही. सकाळचा व्यायाम याच्यासाठीच. सुरुवातीलाच दातांचे फोटो आणि स्कॅन काढून ठेवायला सांगा म्हणजे पुढे तुलना करता येते. माझे खालचे पुढचे दात थोडे सरकलेत, मला ते मान्य आहे, श्वास अडण्यापुढे ते मला काहीच वाटत नाही, पण हा निर्णय प्रत्येकाने माहिती घेऊन स्वतः करायचा.

पहिल्या वर्षी डेंटिस्टकडे सहा महिन्यांनी, मग वर्षातून एकदा तरी जा. डिव्हाइस साधारण तीन ते पाच वर्षं टिकतं, सैल झालं, तडा गेला, पट्टी वाकली तर तसंच वापरत राहू नका. कुठलंही ऑपरेशन असेल, अगदी भूल देऊन दाढ काढायची असली तरी, मला स्लीप अ‍ॅप्निया आहे हे भूल देणाऱ्या डॉक्टरला आधीच सांगा आणि डिव्हाइस बॅगेत घेऊन जा, भुलेनंतरच्या गुंगीत घसा जास्त सैल पडतो. झोपेच्या गोळ्या आणि झोपायच्या आधीची दारू हेच करतात.

आणि वजन वाढलं, घोरणं परत सुरू झालं, दुपारी डोळे मिटायला लागले, किंवा शेजारचा माणूस म्हणाला की रात्री परत श्वास थांबत होता, तर वर्ष पूर्ण व्हायची वाट न बघता डिव्हाइस आणि जुना रिपोर्ट घेऊन डॉक्टरकडे जा, आणि तोपर्यंत गाडी दुसऱ्या कुणालातरी चालवू द्या.